ओला दोर

एरंडोलच्या वाचनालयात दर दुसऱ्या शनिवारी
आम्ही सिनेमा दाखवतो.
पडदा म्हणजे देवरे सरांच्या लग्नातली चादर,
मधोमध इस्त्रीची जुनी करप.
कुठल्याही देशाचं आकाश असो, ती तिथे असतेच.

या वेळी बर्फातलं गाव. काळंपांढरं.
बाहेर मे महिना, रात्री नऊलाही ओटा चटके देणारा,
आणि आत अकरा माणसं
बर्फाकडे बघत मानेचा घाम पुसत होती.

गोष्ट एवढीशीच.
एकानं सूडानं गोठा पेटवला, त्यात एक म्हातारी गेली.
पळताना तो पडक्या विहिरीत पडला.
साऱ्या गावात लांब दोर एकच, चर्चच्या घंटेचा.
पाद्री बराच वेळ वर बघत उभा राहतो,
मग दोर कापतो.
दाराशी दगडी कुंड आहे, येणारे जाणारे
त्यात बोट बुडवून कपाळाला लावतात.
त्या कुंडात तो अख्खा दोर बुडवतो
आणि खांद्यावर टाकून निघतो, मागे ओली रेघ.
पुढे विहीर. ताणलेला दोर. सहा मिनिटं नुसता दोर.
वर कोण आलं, आलं की नाही, दाखवतच नाहीत.
शेवटी म्हातारीची अंत्ययात्रा, बिनघंटेची,
बर्फात पायांचा करकर आवाज.

दिवे लागले. सर चष्मा पुसत म्हणाले,
हा दोराचा बाप्तिस्मा आहे.
घंटा हा देवाचा कंठ,
माणसासाठी देव मुका होणं पत्करतो.
विहीर नरकही आहे आणि गर्भही.
मी रजिस्टरात भराभर उतरवून घेत होतो.

मागून सुपडू अण्णा,
चाळीस वर्षं तालुक्यातल्या विहिरींचा गाळ काढलेले:
"सर, कोल्ला दोर तुटस. वल्ला धरस.
सूतना दोर शे तो.
पाद्रीले काम माहीत व्हतं, बस."

सगळे हसले. सरही हसले.
मग थांबले, कारण अण्णा हसत नव्हते.

कासोद्याकडचा मळा, सत्तर हात विहीर,
रात्री हाक आली म्हणून अण्णा उतरले होते.
कंदील निम्म्यातच विझला.
अंधारात कमरेला फास घातला, वरच्यांना ओढ म्हणाले.
वर आल्यावर बॅटरीत तोंड दिसलं:
अण्णांच्या बैलजोडीला ज्यानं विष घातलं, तो.

आधी कळलं असतं तर? मी विचारलं.
विचारायला नको होतं.
अण्णा तळहात उलटेसुलटे करत राहिले.
"दोराले वजन समजस. नाव नही समजत."
सर पेन शोधू लागले.
पंखा तीनदा कुरकुरला असेल,
तेव्हा अण्णा पुन्हा म्हणाले,
"पन माले समजतं."

मग दारातून इंदूबाई बडगुजर.
खुर्च्या आवरायला थांबलेली,
तिला मी अकरात धरलं नव्हतं.
"अन् त्या म्हातारीचं काय?
जळाली ती, आणि दोर त्याच्या कामी."
सर म्हणाले, बाई, तीच तर नैतिक कोंडी आहे.
"कोंडी तुमची असेल," ती म्हणाली, "घंटा तिची होती."

यावर कुणाकडे काही नव्हतं.
चादरीची घडी मी घातली, करप आत गेली.
अण्णांनी वायरचं वेटोळं केलं,
विहिरीवर करतात तसं, कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.

अंजनीच्या कोरड्या पात्राकडेनं आम्ही निघालो.
इंदूबाई पुढे होती, चपला फटफटत.
महादेवाचं दार लागलेलं, सभामंडप तेवढा उघडा.
अकरा वाजता, कुठलीच आरती नसताना,
घंटा एकदा वाजली.
चांगली जोरात, हात उंच करून मारलेली.

अण्णांनी टोपी काढली.
मी काय करायचं ते मला कळेना,
रजिस्टर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

आतून पुजाऱ्याचा झोपेतला आवाज,
"कोन शे रे?"